सवयीचा गुण

घरी तिला चिमी म्हणत आणि कचेरीत इंजिनीअरबाई. ही गोष्ट घडली कचेरीच्या कामातून, पण लागली घराला, म्हणून आपणही तिला चिमीच म्हणू. वयाने ती काही लहान नव्हती. कानांपाशी केस पिकायला लागले होते आणि चष्म्याशिवाय जिन्याची पायरी दिसत नसे. पण डोक्यावर थोरला भाऊ असला की बाई म्हातारी झाली तरी चिमीच राहते.

शहरातल्या जुन्या इमारतींची वर्गवारी करणं हे तिचं काम. इमारत कधी बांधली, भिंत केवढी जाड, छपराखाली काय भरलंय, खिडक्यांना काच एकेरी की दुहेरी, हे सगळं बघून प्रत्येक इमारतीला एक वर्ग द्यायचा. क म्हणजे धडधाकट. घ म्हणजे नुसती चाळण. घरात हीटर लावा नाहीतर रस्त्यावर शेकोटी पेटवा, सारखंच. या घ वर्गातल्या इमारतींना नगरपालिका सगळ्यांत आधी हात घालणार होती. भिंतींना बाहेरून जाड उबदार थर, नव्या खिडक्या, छपराची डागडुजी. म्हणजे इंधन कमी जळेल आणि शहराचा धूरही कमी होईल. ग वर्गवाल्यांनी मात्र थांबायचं होतं. त्यांची पाळी येईपर्यंत कित्येक हिवाळे उलटणार होते.

आता घ आणि ग यांच्यामधली रेघ ओढायची कुठे, यावर कचेरीत बराच काथ्याकूट चालला होता. घ वर्गात इमारतींची नुसती गर्दी झाली होती आणि साहेबांचं डोकं उठलं होतं. तेव्हा चिमीनेच तोडगा काढला. हिवाळ्यात पहाटे रस्त्यावर उभं राहून उष्णतेच्या कॅमेऱ्याने इमारतींचे फोटो घेतलेले होतेच. जिथून ऊब बाहेर पळते तिथे त्या फोटोत लाल-पिवळं दिसतं, जिथून पळत नाही तिथे निळं-काळं. मग एकाच इमारतीत, एकाच जातीच्या भिंतीमागे, एक घर लालभडक आणि शेजारचं काळंभोर दिसलं तर त्याचा अर्थ काय? चिमी म्हणाली, अर्थ असा की दोष भिंतीचा नाही, राहणाऱ्यांच्या सवयींचा आहे. एकाला जमतं ते दुसऱ्याला का जमू नये? अशा इमारतीला सवयीचा गुण द्यावा आणि घ मधून उचलून ग मध्ये ठेवावी.

साहेब खूश झाले. "बाई, तुम्ही माझा जीव वाचवलात," म्हणाले, आणि वरच्या मंडळींसमोर त्यांनी तिची तोंड भरून स्तुती केली. चिमी त्या दिवशी घरी आली ती गुणगुणतच.

पुढे काही दिवसांनी फोटो चाळता चाळता तिच्यासमोर एक ओळखीची इमारत आली. कोपऱ्यावर औषधाचं दुकान, मधोमध जिना, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. दादाची इमारत. सगळा दर्शनी भाग भट्टीसारखा पेटलेला, आणि दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताच्या खिडक्या मात्र गार, काळ्या. जणू कोणी ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून काढलाय. तिने मजले पुन्हा मोजले. जळणाच्या मीटरचा आकडा काढून पाहिला, तोही सगळ्या इमारतीत सर्वांत कमी. दादाचंच घर!

तिला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

या आनंदामागे जुनं दुखणं होतं. दादा शिंपी. शाळेत त्याचं कधी डोकं चाललं नाही, आणि वडील उठता-बसता त्याला ऐकवायचे, "बहिणीकडे बघ, काही तरी शीक." जेवताना ऐकवायचे, पाहुण्यांसमोर ऐकवायचे. चिमीला तेव्हा ते आवडायचं, खोटं कशाला बोला. मोठेपणी मात्र आठवलं की तिला कसंनुसं व्हायचं. वडील गेले, पण शेवटपर्यंत त्यांच्या तोंडून दादाचं कौतुक निघालं नाही. आणि दादा असा की त्याने कधी ब्र काढला नाही. चिमीच्या प्रत्येक बढतीला आपल्या हाताने शिवलेला एक कोट घेऊन हजर.

आणि आता तिच्याच विषयात, तिच्याच कॅमेऱ्यात, सगळ्या इमारतीत दादा पहिला आला होता. चिमीने ठरवून टाकलं, हे चार लोकांसमोर सांगायचं. आधी फोनसुद्धा करायचा नाही.

वर्गवारी ठरली की त्या त्या इमारतीत जाऊन रहिवाशांना ती समजावून सांगायची पद्धत होती. दादाच्या इमारतीतली सभा तळमजल्यावरच्या दालनात भरली. लोक खुर्च्या ओढून बसले, हीटरजवळच्या जागांवरून थोडी बाचाबाची झाली. अध्यक्ष म्हणजे एक दाढीवाले गृहस्थ, बोलताना प्रत्येक वाक्याला टेबलावर थाप मारणारे. दादा आणि वहिनी मागच्या ओळीत बसले होते. चिमीला पाहून दादाने हळूच हात हलवला. वहिनी हसली.

चिमीने भिंतीवर फोटो टाकला. लोकांनी आपापली खिडकी शोधली आणि एकच गलका झाला. "बघा, सगळ्यात लाल तुमचीच!" "अहो, आमच्याकडे लहान बाळ आहे!" चिमी हसत हसत सगळ्यांना उत्तरं देत होती. मग तिने हातातली काठी त्या काळ्या खिडक्यांवर टेकवली.

"आता हे घर बघा. भिंत तीच, खिडकी तीच, छप्पर तेच. पण ऊब बाहेर जातच नाही. ही किमया कुणाची असेल?"

लोक मजले मोजू लागले. मागच्या ओळीत वहिनीची मान खाली गेली. चिमीने ते पाहिलं, पण तिला वाटलं वहिनी लाजली.

"हे घर माझ्या दादाचं आहे," चिमी म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला. "मी इतकी वर्षं हेच काम करते, पण असं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. दादा, पुढे ये. काय केलंस ते सगळ्यांना सांग."

टाळ्या पडल्या. दादा जागचा हलेना. "नको गं," असं काही तरी पुटपुटला. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "या मास्तर, लाजताय काय नव्या नवरीसारखे!" लोक हसले. शेजाऱ्याने दादाचा दंड धरून त्याला उभंच केलं.

दादा पुढे आला. आधी त्या फोटोकडे पाहिलं, मग चिमीकडे. त्याच्या कपाळावर घाम होता. 

"पडदे," तो म्हणाला. "जाड कापडाचे पडदे शिवले. आतून अस्तर लावलं. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. शिंप्याच्या घरी चिंध्यांना काय तोटा." लोक पुन्हा हसले, आणि त्या हसण्याने त्याला जरा धीर आला असावा. "दाराखाली कापडाची वळकटी ठेवतो. बाकी काही नाही. एवढंच."

"ऐका!" अध्यक्ष गरजले. "नुसते पडदे! आणि आपण इथे इमारतीभोवती परांची बांधायच्या, धूळ खायच्या, भिंती झाकायच्या गोष्टी करतोय!"

सभा संपली तसा दादाभोवती गराडा पडला. मला पडदे शिवून द्या, मला पण. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई तेवढ्या काही न बोलता निघून गेल्या. चिमी लोकांतून वाट काढत वहिनीपाशी गेली.

"वहिनी, चल ना वर. चहा पाज आता. बघू दे एकदा माझं आदर्श घर."

"आज नको गं," वहिनी म्हणाली. तिने चिमीकडे पाहिलं नाही. "घर पसरलंय. शिवणाचा पसारा आहे."

चिमीने फार आग्रह केला नाही. तिला उशीरही झाला होता. घरी जाताना ती वडिलांना मनातल्या मनात म्हणाली, पाहिलंत ना?

काही दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. रहिवाशांनी एकमताने ठरवलं होतं, इमारत ग वर्गात जायला आमची हरकत नाही. पडद्यांचं काम मास्तरांकडे दिलंय. "तुमच्या भावाने आमची परांचीतून सुटका केली!" चिमीला अहवालात घालायला त्या घराचे आतले फोटो हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती कॅमेरा आणि तापमान मोजायचं यंत्र खांद्याला लावून दादाचा जिना चढली. न कळवता. कळवलं तर वहिनी पुन्हा पसाऱ्याचं कारण काढेल, असं तिला वाटलं.

जिना चढताना तिच्या लक्षात आलं की थंडीच्या दिवसांत आपण इथे कित्येक वर्षांत आलेलो नाही. "एवढ्या थंडीत तू कशाला येतेस, आम्हीच येतो," असं वहिनी म्हणायची, आणि तेच चिमीच्या पथ्यावर पडायचं. इमारतीला लिफ्ट नव्हती.

दार वहिनीने उघडलं. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे. तिने तोंड उघडलं तेव्हा शब्दांच्या आधी वाफ बाहेर आली.

"तू?"

"बाहेर निघाली होतीस का?" चिमीने विचारलं.

वहिनी दारातून बाजूला झाली. चिमी आत आली आणि तिला कळलं की वहिनी कुठेही निघालेली नव्हती. बाहेर जिन्यात होता तसाच गारठा आत होता. किंबहुना जिन्यात जरा कमीच. पुढच्या खोलीचं दार बंद होतं आणि खरंच, दाराखाली कापडाची वळकटी होती. चिमीने ती पायाने सरकवली आणि दार ढकललं.

खोलीत कोणी राहत नव्हतं. कोच भिंतीपासून ओढून मधे घेतलेला, कारण भिंत ओलीने काळी पडली होती. खिडकीच्या कोपऱ्यातून बुरशी वर छतापर्यंत चढली होती, आणि काचेवर आतल्या बाजूने बर्फाची पातळ साय धरली होती. खिडकीला पडदा होता तो जुनाच, विरलेला, चिमीने कधी तरी सहज म्हणून दिलेला. आतल्या झोपायच्या खोलीची तीच तऱ्हा. हीटरवर कपड्यांच्या घड्या रचून ठेवल्या होत्या. पेटत्या हीटरवर कुणी घड्या ठेवत नाही.

"इकडे ये," स्वयंपाकघरातून दादाचा आवाज आला. "तिथे उभी राहू नकोस, बाधेल."

स्वयंपाकघरात सगळा संसार होता. पलंग, शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल. शेगडीवर पातेल्यात पाणी उकळत होतं, खोलीला ऊब तेवढीच. दादा यंत्रावर बसून जाड निळं कापड शिवत होता. त्याच्या बोटांना पेरापेरांवर भेगा पडल्या होत्या आणि एका बोटाला चिंधी बांधली होती. यंत्राशेजारी शिवून झालेल्या पडद्यांची चळत होती. शेजाऱ्यांचे पडदे.

चिमीच्या खांद्यावरचं यंत्र एकदम जड झालं. ते तिने बाहेर काढलंच नाही. काढून मोजायचं काय होतं? घराबाहेर ऊब जात नव्हती, कारण घरात ऊब नव्हतीच. आणि हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. कमी जळण आणि काळा फोटो, याला दोन कारणं असू शकतात हे तिने पुस्तकात वाचलं होतं. नव्या मुलांना तिने स्वतः शिकवलं होतं: उत्तम दुरुस्त केलेलं घर आणि गारठलेलं घर, दोन्ही कॅमेऱ्यात सारखीच दिसतात, म्हणून आत जाऊन बघा. फक्त दादाच्या घरी ती आत गेली नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बस तरी," दादा म्हणाला.

"दादा, कधीपासून?"

"हिचा कारखाना बंद पडला तेव्हापासून," दादाने कापडावरून नजर न उचलता सांगितलं. "सगळं घर तापवायचं म्हणजे माझी अर्धी कमाई हीटरच्या पोटात. मग म्हटलं, दोघं तर आहोत. एक खोली पुरे. सवय होते गं."

सवय. चिमीने डोळे मिटले.

"मला का नाही सांगितलंत?"

 वहिनीने टोपी काढून टेबलावर ठेवली. "काय सांगायचं होतं, वन्सं?" ती म्हणाली.  वहिनी तिला वन्सं म्हणायची ती फक्त थट्टेत, आणि आत्ता ती थट्टा करत नव्हती. "मागच्या हिवाळ्यात माझी छाती भरली, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, गरम गरम वाफ घे. घेतली. आणि आता चार लोकांत आम्हाला उभं केलंस. बघा, यांच्या घरी किती काळोख आहे, वाजवा टाळ्या! मला वाटलं जमीन दुभंगावी."

"अगं, तिला कुठे माहीत होतं," दादा म्हणाला.

"तेच म्हणते मी. तिला कुठे माहीत होतं."

चिमीने शेगडीकडे पाहिलं. पाणी उकळत होतं. मग ती दादाकडे वळली. "आणि तू? पडद्यांचं का सांगितलंस?"

दादाने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "मग काय सांगणार होतो, तुझ्या त्या फोटोसमोर? तू इतक्या कौतुकाने हाक मारलीस. तुझा गळा दाटला होता. म्हटलं, हिला तोंडघशी कशाला पाडा." तो जरा हसला. "आणि खरं सांगू? मलाही बरं वाटलं. जरा वेळ."

हे ऐकून चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीचा राग तिला सोसला असता.

निघताना दादा जिन्यापर्यंत आला. "आता हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "इमारत ग मध्ये जाऊ दे, काय बिघडलं? लोक मला मान देतात आता. भेटले की विचारतात."

"त्या पडद्यांनी काही होणार नाही, दादा. ही भिंतच चाळण आहे."

"ते मला माहीत आहे," दादा म्हणाला. "मी तिच्यातच राहतो."

कचेरीत परतल्यावर चिमीने सगळ्या इमारतींचे फोटो पुन्हा उघडले. आतापर्यंत काळी खिडकी दिसली की ती मनात शाबास म्हणायची. आता प्रत्येक काळ्या खिडकीमागे तिला टोपी घातलेलं माणूस दिसू लागलं. गल्लोगल्ली होत्या त्या. पाच मजल्यांच्या चाळण इमारती, प्रत्येकीत एखादं घर काळं, आणि त्या एका घराच्या जोरावर तिने अख्ख्या इमारतीला सवयीचा गुण देऊन मागे ढकललं होतं. ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, त्यांच्याच सोसण्याचा दाखला देऊन.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं, मग चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, हा नियम तुमचाच ना?"

"हो."

"वरपर्यंत गेलाय तो. तुमच्याच नावाने."

"माझ्याच नावाने मागे घ्या," चिमी म्हणाली. तिला हे मोठ्या धीराने म्हणायचं होतं, पण आवाज चोरासारखा निघाला. "मी चुकले. मी आत जाऊन बघितलं नव्हतं."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी तिला जीव वाचवणारी वगैरे म्हटलं नाही. म्हणाले, "इमारतवाल्यांना तुम्हीच जाऊन सांगा. मला जमणार नाही."

पुन्हा ते दालन, पुन्हा त्याच खुर्च्या. वर्ग बदलायचा तर रहिवाशांसमोर कारण द्यावं लागतं, त्यातून सुटका नव्हती. चिमीने ठरवलं होतं की दादाचा शब्दसुद्धा काढायचा नाही, सगळं आपल्या माथी घ्यायचं. फोटो न लावताच ती उभी राहिली. "मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. फोटो वाचण्यात माझी चूक झाली. ही इमारत घ वर्गातलीच आहे. भिंतींना थर लावावाच लागेल."

अध्यक्षांची थाप टेबलावर पडली. "असं कसं? आणि मास्तरांचं घर? ते पडद्यांनी उबदार आहे ना?"

"पडद्यांनी फरक पडतो, पण थोडा," चिमी म्हणाली. "तेवढ्याने..."

"थोडा म्हणजे? आम्ही एवढे पडदे शिवून घेतले! मग मास्तर काय आम्हाला थापा मारत होते?"

सगळ्या माना मागे वळल्या. दादा बसल्या जागी लहान लहान होत गेला. चिमी घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, त्यांची काही चूक नाही! मीच त्यांना तसं बोलायला भाग पाडलं!"

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते. झाकायला गेली आणि उघडं करून बसली.  मग कुणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे खोटंच होतं?"

वहिनी उठली. तिने कोटाची बटणं नीट लावली, जणू तिला घाई नव्हती.

"आमच्याकडे हीटर लावत नाहीत," ती म्हणाली. "परवडत नाही म्हणून लावत नाहीत. म्हणून खिडक्या काळ्या. झालं समाधान सगळ्यांचं?"

आणि ती निघून गेली. दादा तिच्या मागोमाग गेला. जाताना त्याने चिमीकडे पाहिलं नाही. तसं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

सभेचं पुढे काय झालं ते चिमीला नीट आठवत नाही. ठराव फिरवला गेला, अध्यक्षांनी या वेळी थाप न मारता सह्या घेतल्या. ती जिन्यापाशी आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई कठडा धरून थांबल्या होत्या.

"माझ्याही मागच्या दोन खोल्या बंद असतात," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या फोटोत त्या मागच्या बाजूला येतात, म्हणून दिसल्या नसतील. तुमच्या हिशेबात धरा. माझं नाव मात्र कुठे यायला नको."

"नाही येणार," चिमी म्हणाली.

"त्या दिवशी मास्तर पडद्यांचं बोलले ना, तेव्हाच मला कळलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "पण मी तरी कुठे बोलले."

सवयीचा गुण रद्द झाला. ज्या ज्या इमारतींत काळी घरं होती तिथे आता माणसं आत पाठवली जाऊ लागली, आणि बहुतेक ठिकाणी जे निघायचं तेच निघालं. त्या इमारती मागून पुढे आल्या. चिमीला कुणी काढून टाकलं नाही, पण नियम आखायच्या बैठकांना तिला बोलावणं बंद झालं. तिलाही ते योग्यच वाटलं. ती घरोघर जाऊन दारं ठोठावायच्या कामावर लागली. दार उघडणारा माणूस घरात कोट घालून आहे का, हे ती सगळ्यात आधी बघायची, आणि असला तर तिलाच मान वर करायला जमायचं नाही.

दादाच्या इमारतीत काहींनी पडदे ठेवून घेतले, काहींनी परत पाठवले. दादाने एका शब्दाने कुणाशी वाद घातला नाही. चिमीने मदत देऊ केली ती त्याने घेतली नाही. "कामात आहे," म्हणून त्याने तिच्याकडे येणंही बंद केलं. फोन केला तर उचलायचा, विचारपूस करायचा, पण बोलणं दोन मिनिटांत आटपायचा. मधे तिच्या कचेरीला बरीच सुट्टी होती, तेव्हा ती त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली.

पुढच्या थंडीच्या आत परांची चढली आणि उतरली. भिंतींना थर लागला, खिडक्या बदलल्या. काम तपासायला कचेरीतून कुणीतरी जायलाच हवं होतं. साहेबांनी तिला विचारलं, "तुम्ही जाता की दुसऱ्याला पाठवू?" चिमी म्हणाली, "मीच जाते." या वेळी तिने आधी फोन केला. वहिनीनेच उचलला. "ये," म्हणाली, आणि ठेवून दिला.

पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंत घासून रंगवलेली होती, आणि दादाचं यंत्र खिडकीखाली आलं होतं. तो अंगात नुसता साधा सदरा घालून बसला होता. चिमीला पाहून उठला, तिचा कोट घ्यायला हात पुढे केला. त्याच्या बोटांवरच्या भेगा भरून आल्या होत्या, नुसते पांढुरके व्रण राहिले होते.

"बरी आहेस ना चिमे?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली. सगळं घर तपासून झालं. कुठे फट नव्हती, ओल नव्हती. मग ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. "वहिनी, मी..." एवढंच म्हणाली.

"माझा राग गेलेला नाही," वहिनी म्हणाली. कोचावर धुतलेल्या चादरी पडल्या होत्या, त्यातली एक तिने उचलली. "उगाच गेला म्हणून सांगायचं म्हणजे पुन्हा पडद्यांसारखंच."

"असू दे," चिमी म्हणाली. "असायलाच हवा."

"तुझा दादा विसरला. तो तसलाच आहे. मला वेळ लागेल."

"हो."

दादाने यंत्र सुरू केलं, मुद्दाम जरा मोठ्याने. वहिनी चादरीची घडी घालायला लागली, पण चादर मोठी होती, एकटीच्या हाताला येईना. थोडा वेळ तिने खटपट केली. मग चादरीचं एक टोक चिमीपुढे केलं.

"धर," ती म्हणाली. "आणि नीट ताण, सुरकुती पडते."